बचावसेवा व किशोरशिक्षण

बचावसेवा व किशोरशिक्षण : संकटात सापडलेल्यांना सोडविण्याचे कौशल्य, संघकार्य व लोकसेवा यांच्या द्वारा किशोरवयीन मुलामुलींमध्ये आत्मविश्वास निर्माण करण्याची शिक्षणपद्धती. बुडणाऱ्यास वाचविणे, आग विझविणे, जखमी गिर्यारोहकास डोंगरावरून खाली आणणे, प्रथमोपचार करणे इ. कामांचे प्रशिक्षण पूर्वापार त्या त्या व्यवसायातील प्रौढांना दिले जात असे. बेडन-पॉवेल याने १९०७ साली ब्राउनसी बेटावर घेतलेल्या शिबिरातून बालवीर चळवळ उदयास आली आणि तीमधून मुलांनाही जीवरक्षणाचे धडे मिळू लागले. मात्र केवळ धडे न देता प्रत्यक्ष बचावाची जबाबदारीच मुलांवर सोपवावी व तोच त्यांच्या चारित्र्यशिक्षणाचा गाभा मानावा, हा विचार प्रामुख्याने कुर्ट हान (१८८६–१९७४) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने मांडला आणि झालेम, गॉर्डनस्टन, आउटवर्ड बाउंड व अटलांटिक कॉलेज या संस्थांतून आचरणात आणला. प्रस्तुत नोंदीत या परंपरेचा इतिहास दिला आहे.

हानचा जन्म बर्लिनमधील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. त्याचे शिक्षण ऑक्सफर्ड व काही जर्मन विद्यापीठांत झाले. तरुणपणी उन्हाचा जबर झटका बसल्यामुळे त्याची प्रकृती कायमची नाजूक झाली होती. शारीरिक कणखरपणाचा पुढे जन्मभर पुरस्कार करणारा हा माणूस स्वतः उन्हात फार वेळ वावरू शकत नसे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात त्याने जर्मन परराष्ट्र खात्यासाठी इंग्रजी वृत्तपत्रांचे परिशीलन करण्याचे काम केले. पुढे तो जर्मन साम्राज्याचा अखेरचा चान्सलर ठरलेल्या बाडेनच्या प्रिन्स माक्सचा सचिव झाला. पराभवाने खचलेल्या देशात नवी, जबाबदार पिढी घडवावी, या हेतूने या दोघांनी १९२० मध्ये कॉन्स्टन्स सरोवराजवळील झालेम येथील वाड्यात निवासी शाळा काढली. मुलांनी स्वतःच्या दिनक्रमाची नोंद स्वतःच ठेवावी, तिची तपासणी करण्याऐवजी त्यांच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवावा, शाळेची खरीखुरी कामे त्यांच्याकडे द्यावीत, हे तेथील शिक्षणाचे विशेष होते.

हा विश्वास राजकारणाच्या कसोटीला लवकरच लागला. ऑगस्ट १९३२ मध्ये सायलीशियातील पोटेंपा या खेड्यात नाझी स्वयंसैनिकांनी एका कम्युनिस्ट कामगाराला त्याच्या आईदेखत ठार मारले आणि हिटलरने त्या मारेकऱ्यांना उघड पाठिंबा दर्शविला. त्यावर हानने झालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवून, नाझी दलांत असलेल्यांनी एक तर हिटलरशी किंवा झालेमशी संबंध तोडावा, असे कळविले. मार्च १९३३ मध्ये त्यास अटक झाली. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्सी मॅक्डॉनल्ड याच्या रदबदलीमुळे त्याची सुटका झाली व त्याच वर्षी तो ब्रिटनमध्ये आला. किशोरांच्या उत्साहाला एखादी हाक हवी असते. ती समाजाने दिली नाही, तर हुकूमशहा देतो, हे त्याने स्वतःच्या देशात पाहिले होते. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने युद्धाला नैतिक पर्याय शोधण्याची आवश्यकता १९१० मध्ये प्रतिपादन केली होती. तो पर्याय हानला बचावकार्यात दिसला. प्राण घेण्यासाठी लागणारे धैर्य, शिस्त व सांघिक निष्ठा प्राण वाचविण्यासाठीही लागतात, असा त्याचा युक्तिवाद होता.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर मरी परगण्यात १९३४ मध्ये त्याने गॉर्डनस्टन ही शाळा स्थापन केली. जवळच होपमन हे मच्छीमारांचे बंदर होते. शाळेतील मुले तेथे नौकानयन शिकत आणि काही वर्षांतच त्यांना किनारा-पहाऱ्याच्या सरकारी व्यवस्थेत साहाय्यक म्हणून स्थान मिळाले. वादळी रात्री आळीपाळीने पहारा देणे, संकटात सापडलेल्या नौकेचा इशारा टिपून तो पुढे कळविणे, दोर व इतर साधने सदैव सज्ज ठेवणे ही त्यांची कामे. पुढे तेथे अग्निशामक दल व गिरिबचाव पथकही उभे राहिले. या पहाऱ्यातील बहुसंख्य रात्री काहीच न घडता जात. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने त्यांचेच मोल अधिक असावे. कोणी पाहत नसताना जागे राहण्याचा, म्हणजेच आपल्यावर कोणी तरी विसंबून आहे ही जाणीव बाळगण्याचा अनुभव वर्गात देता येत नाही. खेळात मागे पडणारी, बुजरी मुले या कामात अनेकदा पुढे येत, कारण येथे प्रतिस्पर्धी नव्हता. होते ते केवळ काम.

शाळेबाहेरच्या मुलांसाठी १९३६ मध्ये ‘मरी बॅज’ ही योजना सुरू झाली. ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे शारीरिक कौशल्य, एक मोहीम, स्वतः निवडलेला एखादा प्रकल्प आणि सेवा, ही तिची चार अंगे होत. दुसऱ्यापेक्षा नव्हे, तर स्वतःच्या आधीच्या पातळीपेक्षा पुढे जावे, हे तिचे तत्त्व होते. याच आराखड्यावरून प्रिन्स फिलिप याने ड्यूक ऑफ एडिंबरो पुरस्कार योजना १९५६ मध्ये आखली. तो स्वतः झालेम व गॉर्डनस्टन या दोन्ही शाळांचा विद्यार्थी होता. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा नेता जॉन हंट हा तिचा पहिला संचालक. आरंभीच्या चार विभागांपैकी एक ‘बचाव व लोकसेवा’ असा होता. १९५८ पासून मुलींनाही तीत प्रवेश मिळाला.

आउटवर्ड बाउंड : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गॉर्डनस्टन शाळा वेल्समध्ये हलवावी लागली आणि तेथेच या विचाराला सर्वांत प्रसिद्ध रूप लाभले. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजे बुडवीत होत्या. ब्लू फनेल या जहाज कंपनीचा एक प्रमुख लॉरेन्स होल्ट याचे असे मत होते, की जहाज बुडाल्यानंतर जीवनौकेत तरुण खलाशी आधी हाय खातात व शिडाच्या जहाजांवर वाढलेले वयस्क खलाशी तग धरतात. हे मत पुढे अनेकदा सिद्ध तथ्य म्हणून सांगितले गेले. वस्तुतः ते एका अनुभवी जहाजमालकाचे निरीक्षण होते, मृत्युसंख्येच्या पद्धतशीर अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे. परंतु त्यातून निघालेला प्रश्न खरा होता : तरुणांत उणीव असते ती बळाची की स्वतःवरील भरवशाची?

होल्टच्या कंपनीचे आर्थिक साहाय्य आणि हानची शिक्षणकल्पना यांच्या संयोगातून वेल्समधील ॲबरडव्ही येथे ऑक्टोबर १९४१ मध्ये पहिली आउटवर्ड बाउंड सागरी शाळा सुरू झाली. बंदर सोडून समुद्राकडे निघालेल्या जहाजास उद्देशून हा शब्दप्रयोग केला जातो. हे नाव होल्टचे. जेम्स होगन हा शाळेचा पहिला प्रमुख. अभ्यासक्रम २६ दिवसांचा असे. त्यात लहान नौका हाकणे, मैदानी खेळांतील किमान पातळी गाठणे, नकाशाच्या साहाय्याने रानावनांतून वाट काढणे, बचावाचे प्रशिक्षण, एक समुद्रसफर, डोंगररांगा ओलांडणारी एक पदभ्रमण मोहीम आणि स्थानिक लोकांसाठी सेवाकार्य यांचा अंतर्भाव होता. जहाजावरील उमेदवार, कारखान्यांत काम शिकणारी मुले, पोलीस व अग्निशामक दलांचे छात्र आणि खाजगी वसतिशाळांतील विद्यार्थी यांच्या मिश्र तुकड्या केल्या जात. वर्गभेद तीव्र असलेल्या तत्कालीन ब्रिटिश समाजात एकाच दोराला हात लावणारी ही मिश्र तुकडी म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हती. समुद्रासाठी शिक्षण नव्हे, तर समुद्राच्या द्वारे शिक्षण, अशी होल्टने या शाळेची भूमिका स्पष्ट केली होती.

युद्धानंतर १९४६ मध्ये आउटवर्ड बाउंड न्यास स्थापन झाला. ईस्कडेल येथे १९५० मध्ये पहिली गिरिशाळा निघाली, तर मुलींचे अभ्यासक्रम १९५१ पासून सुरू झाले. मलाया, जर्मनी, ऑस्ट्रेलिया असा प्रसार होत चळवळ अमेरिकेत पोहोचली व १९६२ मध्ये कोलोरॅडोत तेथील पहिली शाळा निघाली. सध्या ही चळवळ तीसहून अधिक देशांत आहे. या विस्तारात तिचे रूप पालटले. अमेरिकेत व्यक्तीच्या आत्मशोधावर भर आला. रानात एकट्याने काही दिवस काढणे हा अभ्यासक्रमाचा मानबिंदू ठरला व सेवाकार्य बरेचसे गौण झाले. ब्रिटनमध्येही प्रशिक्षणार्थींचा खर्च बहुधा मालकवर्ग करी. त्यामुळे आज्ञाधारक कामगार घडविणे हाच तिचा छुपा हेतू आहे, अशी टीका झाली. ती सर्वस्वी निराधार नव्हती. शिवाय ‘चारित्र्य’ ही चार आठवड्यांत घडविण्याची वस्तू आहे काय, अशी शंका शिक्षणशास्त्रज्ञांनी घेतली.

या शंकेस काही अंशी उत्तर नंतरच्या संशोधनाने दिले. ऑस्ट्रेलियातील २६ दिवसांच्या अभ्यासक्रमाविषयी मार्श, रिचर्ड्स व बार्न्स यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहभागी तरुणांच्या आत्मप्रतिमेतील सुधारणा दीड वर्षानंतरही टिकून असल्याचे आढळले. हॅटी आणि त्याचे सहकारी यांनी १९९७ मध्ये ९६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात तात्काळ परिणाम सरासरी ०·३४ प्रमाण विचलन एवढा आढळला व पुढील काळात त्यात आणखी ०·१७ ची भर पडल्याचे दिसले. इतर शैक्षणिक उपक्रमांचा परिणाम काळाबरोबर ओसरतो. येथे तो वाढला, हे लक्षणीय होय. तथापि निरनिराळ्या कार्यक्रमांच्या फलितांत मोठी तफावत होती आणि मोजमापाचा आधार बहुतांशी तरुणांनी स्वतःविषयी दिलेली उत्तरे हा होता. डोंगर चढल्याने आत्मविश्वास वाढला की आपण कोणाच्या उपयोगी पडलो या जाणिवेने, याचा उलगडा अशा सरासऱ्यांतून होत नाही.

अटलांटिक कॉलेज : त्या दृष्टीने हानच्या अखेरच्या मोठ्या प्रयोगाचा इतिहास अधिक बोलका आहे. पॅरिस येथील नाटो संरक्षण महाविद्यालयात कालपर्यंत शत्रू असलेल्या राष्ट्रांचे अधिकारी एकत्र शिकताना पाहून त्याला आंतरराष्ट्रीय शाळेची कल्पना सुचली. त्या महाविद्यालयाचा प्रमुख एअर मार्शल लॉरेन्स डार्व्हल याच्या सहकार्याने १९६२ मध्ये वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट डोनॅट्स या जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले. रिअर ॲडमिरल डेस्मंड होअर हा पहिला मुख्याध्यापक. समोरच्या ब्रिस्टल खाडीतील भरती-ओहोटी जगातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी आहे. तेथे किनाऱ्यावरचे लोक व लहान नौका वारंवार संकटात सापडत. रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या १८२४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९६३ मध्ये किनाऱ्यालगतच्या बचावासाठी रबरी नौकांची केंद्रे उघडली. त्यांपैकी एक या महाविद्यालयात होते आणि तेथील नाविक सोळा ते एकोणीस वर्षांचे विद्यार्थी होते.

हवा भरलेल्या या नौकांचा कापडी तळ दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर घासून लवकर फाटे. होअर व विद्यार्थ्यांनी त्यास प्लायवुडचा तक्ता चिकटवून पाहिला. लाटांवर तो उखडे. मग नवा आकार, पुन्हा चाचणी. महाविद्यालयाच्या कर्मशाळेत वर्षानुवर्षे चाललेल्या या खटपटीतून कडक तळ व कडांना हवेच्या नळ्या असलेली नौका सिद्ध झाली. १९६९ च्या ब्रिटन-प्रदक्षिणा यांत्रिक नौकाशर्यतीत विद्यार्थ्यांनी बांधलेली अशी एक नौका उतरली होती. बचावसंस्थेने या रचनेवरून विकसित केलेली नौका १९७२ मध्ये सेवेत आणली व महाविद्यालयाच्या सन्मानार्थ तीस ‘अटलांटिक २१’ हे नाव दिले. होअरने एकस्वाचे हक्क १९७३ मध्ये केवळ एक पौंड एवढ्या नाममात्र मोबदल्यात संस्थेला दिले. आज जगभरची नौदले व तटरक्षक दले याच जातीच्या नौका वापरतात. महाविद्यालयात मुलींना प्रवेश १९६७ पासून मिळू लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी अठरा वर्षांची एक नॉर्वेजियन विद्यार्थिनी किनारी बचावनौकेचे नेतृत्व करण्यास पात्र ठरली. असा अधिकार मिळविणारी ती बचावसंस्थेच्या इतिहासातील पहिली स्त्री होय. या मुलांना आत्मविश्वासाचे स्वतंत्र पाठ कोणी दिले नव्हते. त्यांना एक फाटणारी नौका, एक धोक्याचा किनारा आणि प्रौढांचा विश्वास एवढेच मिळाले होते.

अशा विश्वासाला वाव मात्र पुढे कमी होत गेला. बचावकार्यातील साधने व प्रशिक्षण अधिकाधिक तांत्रिक झाले. १९९३ मध्ये लाइम उपसागरातील कयाक सफरीत चार किशोरवयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. ही सफर एका व्यापारी साहसकेंद्राने काढलेली होती. प्रस्तुत परंपरेशी तिचा संबंध नव्हता. तथापि तिच्यामुळे ब्रिटिश संसदेने १९९५ मध्ये अशा केंद्रांच्या सुरक्षिततेविषयी कायदा केला व त्यांना परवाना आवश्यक ठरला. कायदा रास्तच होता. अननुभवी मार्गदर्शकाच्या हाती मुले सोपविणे आणि कसून तयारी केलेल्या मुलांच्या हाती जबाबदारी सोपविणे यांतील भेद मात्र सार्वजनिक चर्चेत अनेकदा पुसला गेला. सेंट डोनॅट्सचे बचावनौका केंद्र ५० वर्षांच्या सेवेनंतर २०१३ मध्ये बंद झाले.

अटलांटिक कॉलेजमधून युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस ही आंतरराष्ट्रीय संस्थामालिका निर्माण झाली. तीमधील भारतातील महाविद्यालय पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात १९९७ मध्ये स्थापन झाले. तेथे समुद्र नाही. त्यामुळे परिसरातील ग्रामस्थांसमवेत करावयाचे सेवाकार्य हे तेथील शिक्षणक्रमाचे एक अंग आहे.