तात्पुरता मुक्काम

कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा आपापली गावे सोडून अंत्रुज महालात कशी आली, ही कथा आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. १५६० च्या सुमारास साष्टीतील देवळांवर पोर्तुगीज सत्तेचे संकट कोसळले आणि महाजनांनी आपली दैवते नदीपलीकडे, आदिलशाही मुलखात नेऊन ठेवली. त्या वेळी तो मुक्काम कोणी कायमचा समजला असेल, असे वाटत नाही. घरी परतण्याची आशा माणूस सहजी सोडत नाही. परंतु संकट लांबले, पिढ्या सरल्या, आणि प्रियोळ व कवळे हीच देवांची घरे झाली. तात्पुरते म्हणून जे आरंभले ते कायमचे नेमके कोणत्या दिवशी झाले, हे आज कोणालाही सांगता यावयाचे नाही. देवांच्या बाबतीत तो प्रश्न कोणी विचारलाही नाही. माणसाच्या बाबतीत मात्र सरकारदरबारी पहिला प्रश्न तोच असतो : तुमची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे?

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले गेले ते आमच्याच जिल्ह्यातील एका उदाहरणाने. बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण सीमेजवळ तिरोडी नावाचे गाव आहे. मँगनीजच्या खाणींमुळे त्याचे नाव झाले, आणि तुमसर रोडहून तिकडे जाणारा लोहमार्गही त्या खाणींमुळेच महत्त्वाचा ठरला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून या भागातील सोयरिकी दोन राज्यांत वाटल्या गेल्या आहेत. सीमारेषा ही माणसांच्या आधी आखली जात नाही, माणसांच्या मधून आखली जाते, हे येथे कोणास शिकवावे लागत नाही. अशा या गावी १९६९ साली सरकारने एका चिनी माणसाला आणून ठेवले.

वांग ची हे त्याचे नाव. तो चिनी सैन्यात सर्वेक्षणाच्या कामावर होता. १९६२ च्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये तो भारताच्या हद्दीत सापडला. आपण रानात वाट चुकलो, असे तो सांगत आला. पुढील सहा-सात वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली. १९६९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्याची सुटका झाली. पण सुटका झाली म्हणजे मायदेशी रवानगी झाली, असे नव्हे. त्याला तिरोडीस राहावयास लावण्यात आले. तेथे तो पिठाच्या गिरणीत कामाला लागला, गावच्याच मुलीशी त्याचा विवाह झाला, मुलेबाळे झाली आणि गावाने त्याचे नाव राजबहादूर ठेवले. गावाने नाव दिले, पण राज्याने नागरिकत्व दिले नाही. २०१३ साली चीनने त्याला पारपत्र दिले आणि ११ फेब्रुवारी २०१७ रोजी, अर्धशतकाहून अधिक काळानंतर, त्याने आपली जन्मभूमी पाहिली. तोपर्यंत आईचा अंत झालेला होता. तो परत आला, कारण त्याचा संसार येथे होता. परंतु आता तो चिनी पारपत्रावर भारतात येणारा परदेशी होता. ज्या घरात त्याने उभे आयुष्य काढले त्याच घरात राहण्यासाठी त्याला व्हिसा आणि त्या व्हिसाची मुदतवाढ यांच्या फेऱ्यात पडावे लागले.

परक्याच्या मुक्कामाला मुदत घालणे हा काही इंग्रजांचा शोध नव्हे. मनुस्मृतीने अतिथी शब्दाचा अर्थच मुळी एक रात्र राहणारा असा लावला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. एक माषक घेऊन मुद्रा, म्हणजे आजच्या भाषेत परवाना, द्यावयाची, आणि ती जवळ असेल त्यासच जनपदात येऊ-जाऊ द्यावयाचे, हे त्याचे काम. स्वजनपदातील माणूस मुद्रेवाचून फिरला तर बारा पण दंड. खोटी मुद्रा आढळल्यास आपल्या माणसाला पहिल्या प्रतीचा दंड आणि परजनपदातील माणसाला सर्वांत मोठा. मराठी राज्यातही दस्तक असे, कौल असे. तेव्हा राज्याने दारावर पहारा ठेवू नये, असे म्हणण्याचा आमचा मुळीच आशय नाही. दार आहे तेथे पहारेकरी असणारच. प्रश्न आहे तो दाराच्या आत आयुष्य घालविलेल्या माणसाचा.

अर्वाचीन कायद्याची घडण युद्धांच्या छायेत झाली. पहिल्या महायुद्धानंतर १९२० चा पारपत्रविषयक कायदा आला, दुसरे युद्ध तोंडावर असता १९३९ चा परदेशीयांच्या नोंदणीचा कायदा आला, आणि १९४६ साली विदेशी व्यक्तींसंबंधीचा मुख्य कायदा झाला. स्वतंत्र भारताने हे तिन्ही कायदे चालू ठेवले. जिल्ह्यात नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. त्याच्या कचेरीत नोंदणी व्हावयाची, मुक्कामाचा परवाना मिळावयाचा, मुदत संपण्यापूर्वी वाढीसाठी अर्ज करावयाचा, आणि अर्ज नाकारला गेला तर देश सोडावयाचा, अशी ही रीत. विदेशीयाला हद्दपार करण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर नामक जर्मन गृहस्थाच्या खटल्यात सांगून टाकले.

हा परवाना एखाद्याला त्याच्या जन्मगावीच कसा गाठतो, याचे उदाहरण गोमंतकात घडले. मुक्तीनंतर १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने तेथील रहिवासी भारतीय झाले. ज्यास पोर्तुगीज राहावयाचे असेल त्याने एका महिन्यात तसे लिहून द्यावयाचे होते. मूळचे गोव्याचेच एक ख्रिस्ती धर्मगुरू, मोंतेरो, यांनी तसे लिहून दिले. १९६४ मध्ये त्यांची विदेशी म्हणून नोंद झाली आणि १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंतचा मुक्कामाचा परवाना त्यांना मिळाला. मुदत संपली. त्यांनी ना वाढ मागितली, ना देश सोडला. खटला होऊन तीस दिवसांची कैद व पन्नास रुपये दंड झाला. जिनिव्हा कराराचा आधार घेऊन ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी १९६९ मध्ये निर्णय दिला की गोवा भारतात विलीन झाला तेव्हाच लष्करी ताबा संपला, आणि त्याबरोबर त्या करारातील संरक्षणही. हिदायतुल्ला हे नागपूरच्या वकीलवर्गातून वर गेलेले. त्यांच्या तर्कात खोट काढणे कठीण आहे. मोंतेरो यांनी आपला पक्ष स्वतः निवडला होता, हेही खरे. ज्या साष्टीतून चार शतकांपूर्वी आमचे देव निघाले त्याच गोमंतकात एका धर्मगुरूला मुक्कामाचा परवाना दाखवावा लागला, ही इतिहासाची उलटी फेरी पाहून आनंद मानण्यासारखे मात्र आम्हांस काही दिसत नाही.

याहून मर्मभेदी निकाल १९९१ चा. लुई द राएट हे बेल्जियमचे धर्मोपदेशक १९३७ पासून भारतात राहत होते. देश सोडण्याचा हुकूम झाला तेव्हा संविधानाच्या प्रारंभापासून आपण येथील नागरिकच आहोत, असे त्यांनी म्हटले. न्यायालयाने उत्तर दिले की केवळ दीर्घ वास्तव्य पुरे नाही, कायम राहण्याचा हेतू सिद्ध झाला पाहिजे, आणि हे गृहस्थ तर ठरावीक मुदतीच्या परवान्यांवर राहत होते. म्हणजे कायद्याला मान देऊन घेतलेला परवानाच त्यांच्या विरुद्धचा पुरावा ठरला.

वकिलांना हा न्याय अपरिचित नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, मालकाच्या विरोधात बारा वर्षे ताबा ठेवला तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने मालकाचा दावा बुडतो. सरकारी जमीन असेल तर तीस वर्षे. पण परवानगीने घेतलेला ताबा शंभर वर्षे टिकला तरी हक्कात पालटत नाही. जमिनीपुरता हा नियम शहाणपणाचा आहे, कारण जमीन परत करता येते. माणसाची पन्नास वर्षे कोणी कोणाला परत करावी? नागरिकत्वाच्या कायद्यातही बारा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. परंतु जो कागदावाचून आला, किंवा कागदाची मुदत संपल्यावर राहिला, त्याला २००३ च्या दुरुस्तीने हा मार्ग बंद केला. तिरोडीच्या माणसाला त्या गावी सरकारनेच ठेवले होते, ही गोष्ट त्या कलमात कोठेही मावत नाही.

जुने कायदे आता राहिले नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन व विदेशी व्यक्तींविषयीचा नवा कायदा अमलात आला. मुदतीनंतर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे तो सांगतो. त्याचबरोबर सूट देणारा एक आदेशही निघाला. तिबेटी निर्वासित, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ, आणि ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत शेजारच्या तीन देशांतून आलेले अल्पसंख्याक अशांना त्यात आधार मिळाला. आमच्या शेजारी गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंगची तिबेटी वसाहत आहे. आपल्या नोंदणीपत्राचे नूतनीकरण म्हणजे काय, हे तेथील वृद्धांना विचारावे. सूट मिळाली हे योग्यच झाले. परंतु यातून एक गोष्ट उघड होते : समुदायाची हाक राज्याला ऐकू येते, एकट्याची येत नाही. जो कोणत्याच गटात बसत नाही त्याच्यासाठी तारीख तेवढी उरते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. तात्पुरता परवाना ही दया आहे, पण निर्णय पुढे ढकलण्याची ती एक सोयही आहे. ज्याला पाठवावयाचे त्याला वेळीच पाठवावे. ज्याला पाठविले नाही, ज्याने येथे विवाह केला, ज्याची मुले १ जुलै १९८७ पूर्वी येथे जन्मून जन्मानेच भारतीय झाली, त्याच्याविषयी ठरावीक वर्षांनंतर राज्याने एकदा लेखी, सकारण, होय किंवा नाही असे उत्तर द्यावे. उत्तर न देता मुदत वाढवीत राहणे म्हणजे माणसाला उंबरठ्यावरच म्हातारा करणे होय.

अंत्रुजातील लोकांनी आलेल्या देवांना मुदत विचारली नाही. तिरोडीच्या लोकांनीही विचारली नाही. त्यांनी त्या माणसाला नाव दिले, काम दिले, सोयरीक दिली. कायद्याला एवढे औदार्य झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. पण त्याने निदान प्रश्नाचे उत्तर तरी द्यावे.