दंत दवाखान्यातील सहायिका : हक्क कोणते, बढती कशी?

दंतवैद्याच्या हातात वेळेवर उपकरण देणे, रुग्णाच्या तोंडातील पाणी शोषणारी नळी धरणे, वापरलेली उपकरणे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे, दातांच्या मापात प्लास्टर ओतणे आणि शिवाय दूरध्वनीवर भेटीच्या वेळा देणे, ही सारी कामे शहरातील अनेक दंत दवाखान्यांत एकच व्यक्ती करीत असते. रुग्ण तिला 'सिस्टर' म्हणतात, डॉक्टर 'असिस्टंट' म्हणतात. ब्रिटनमध्ये याच कामाला 'डेंटल नर्स' असे नाव आहे. पुण्यात पेठांमधील एका खुर्चीच्या दवाखान्यापासून दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांपर्यंत सर्वत्र हा वर्ग काम करतो. मात्र आपले हक्क कोणते आणि पुढची पायरी कोणती, याची माहिती या वर्गापर्यंत क्वचितच पोहोचते.

नोंदणीबाहेरचा व्यवसाय

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशा तिघांच्या नोंदणीची व्यवस्था केली. खुर्चीशेजारी उभी राहणारी सहायिका त्या यादीत नव्हती. या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. ब्रिटनमध्ये मात्र ३१ जुलै २००८ पासून डेंटल नर्सना जनरल डेंटल कौन्सिलकडे नोंदणी सक्तीची आहे.

नोंदणी नसल्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे दहा वर्षांचा अनुभव असूनही तो सिद्ध करणारा कागद हाती नसतो. दुसरा म्हणजे कामाच्या मर्यादा पुसट होतात. दातांवरील कीटण काढणे, दात स्वच्छ करून चकाकी देणे ही कामे १९४८ च्या कायद्याने हायजिनिस्टच्या व्याख्येत घातली आहेत. ती प्रशिक्षण व नोंदणी नसलेल्या सहायिकेवर सोपविणे रुग्णाच्या हिताचे नाही. चूक झाल्यास तीच प्रथम अडचणीत येते.

नोंदणी नसली, तरी कामगार म्हणून असलेले हक्क त्यामुळे कमी होत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न असतो तो दवाखान्यात किती माणसे कामाला आहेत हा.

एकच सहायिका असली तरी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील वेतन संहितेला कर्मचारीसंख्येची अट नाही. त्यामुळे पुढील हक्क एकट्या सहायिकेलाही मिळतात.

- शासनाने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पगार देता येत नाही. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो.
- मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. नोकरी सोडल्यास किंवा काढून टाकल्यास देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते.
- वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे.
- सारख्या कामासाठी स्त्री व पुरुष यांच्या वेतनात भेद करता येत नाही.
- थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते.

लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदाही लहान दवाखान्यास लागू आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे दाद मागता येते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते. डॉक्टर आणि सहायिका असे दोघेच असलेल्या दवाखान्यात ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते.

सुई टोचली तर

या कामातील सर्वांत मोठा धोका म्हणजे वापरलेली सुई किंवा धारदार उपकरण टोचणे. त्यातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे, नोकरीत घेताना व त्यानंतर दरवर्षी आरोग्य तपासणी करणे आणि प्रशिक्षण देणे ही दवाखानाचालकाची जबाबदारी आहे. हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस असतात. दुसरा डोस एक महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी घेतात. हातमोजे, मुखपट्टी व चष्माही दवाखान्यानेच पुरवायचा असतो.

सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी. ती दाबून रक्त काढू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. पुण्यात ससून रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेने अशा कर्मचाऱ्यास हे औषधोपचार उपलब्ध करून द्यायचे आहेत. घटनेची नोंद त्याच दिवशी लेखी करून घ्यावी.

क्ष-किरण काढताना रुग्णाच्या तोंडातील फिल्म सहायिकेने बोटाने धरून ठेवू नये. गरोदर असल्यास ही बाब डॉक्टरांना आधीच सांगावी.

दहा आणि वीसचा आकडा

कर्मचारी दहा किंवा अधिक झाले, की आणखी हक्क मिळतात. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना राज्य कर्मचारी विमा योजना लागू होते. तिच्यात कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा, पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर उपदान आणि दवाखान्यातच अंतर्गत समिती या तरतुदीही लागू होतात. भविष्य निर्वाह निधीसाठी २० कर्मचाऱ्यांची अट आहे.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या व्याख्येत दवाखाने व रुग्णालये येतात. साप्ताहिक सुटी, आठ नैमित्तिक रजा आणि आठ सणांच्या पगारी सुट्या या कायद्यातून मिळतात. मूळ कायद्यात दहा कर्मचारी आणि दिवसाला नऊ तास अशी मर्यादा होती. ती २० कर्मचारी आणि दहा तास करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. मध्यम आकाराच्या दवाखान्यांत त्यामुळे नियुक्तिपत्रातील अटींचे महत्त्व वाढते. कामाचे तास, दोन सत्रांच्या वेळा, रजा आणि कामाचे स्वरूप त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. वेतन किंवा तासांबाबत तक्रार असल्यास शिवाजीनगर येथील कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात अर्ज करता येतो.

पुढच्या वाटा

बढतीचा पहिला मार्ग म्हणजे आहे त्या कौशल्याला प्रमाणपत्र मिळविणे. आरोग्य क्षेत्रातील कौशल्य परिषदेने डेंटल असिस्टंट हा अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात आणला आहे. अनुभवी कर्मचाऱ्यांसाठी पूर्वानुभवाचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र देण्याची पद्धतही कौशल्य विकास योजनेत आहे.

दुसरा मार्ग डेंटल हायजिनिस्ट किंवा डेंटल मेकॅनिक या दोन वर्षांच्या पदविकांचा. त्यासाठी विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण असणे उपयोगी ठरते. पदविकेनंतर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी होते. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेच्या अभ्यासक्रमास मान्यता आहे का, हे परिषदेकडून तपासून घ्यावे. केवळ जाहिरातीवर विसंबू नये.

तिसरा मार्ग दवाखान्याच्या व्यवस्थापनाचा. इम्प्लांट व दात सरळ करण्याच्या उपचारांतील अनुभव, साहित्याचा साठा, निर्जंतुकीकरणाच्या नोंदी आणि संगणकावरील रुग्णनोंदी सांभाळता येणारी सहायिका अनेक खुर्च्यांच्या दवाखान्यात समन्वयक होऊ शकते.

या तिन्ही वाटांवर अनुभवाचा दाखला मागितला जातो. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या, लसीकरणाची नोंद आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत. ज्या व्यवसायाला नोंदवहीचा आधार नाही, तिथे हेच कागद तिचा पुरावा ठरतात.