वहिवाट आणि फेरफटका

चालण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. पण त्यांपैकी बहुतेक शब्दांच्या पोटात एखादे प्रयोजन दडलेले असते. शतपावली जेवणानंतरची, वारी विठ्ठलाची, प्रभातफेरी स्वातंत्र्यलढ्यातली, रपेट मुळात घोड्यावरची. केवळ शरीर चालते राहावे म्हणून, कोठेही पोहोचायचे नसताना संथपणे धावण्याच्या क्रियेला मात्र आपल्याकडे नाव नव्हते. म्हणून ‘जॉगिंग’ हा शब्द आपण जसाच्या तसा घेतला. वाटांच्या नावांचेही असेच आहे. पाणंद बैलगाडीची आणि गुरांची, पाखाडी कोकणातल्या चढउताराची, बांध शेताचा. वाट कोणाची आणि कशासाठी, हे तिचे नावच सांगते. प्रयोजन नसलेला धावणारा प्रयोजनाने बांधलेल्या वाटेवर येतो, तेव्हा त्या वाटेवर त्याचा हक्क कोणता, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तो तसा नाही, हे गोडदेवच्या परिसराकडे पाहिल्यास ध्यानात येते.

गोडदेव हे आज भाईंदर पूर्वेतील एक गावठाण आहे. नवघर आणि खारी ही त्याची शेजारची गावे. नाव गोड असले तरी भोवतालचे शिवार खाऱ्या पाण्याच्या सोबतीने वाढलेले. उत्तरेला वसईची खाडी, आसपास मिठागरे, मध्ये भातखाचरे, आणि या सर्वांना जोडणारे मातीचे बांध अशी या पट्ट्याची जुनी घडण होती. आगरी समाजाचे भात आणि मीठ हे दोन्ही व्यवसाय या बांधांवर अवलंबून होते. बांध फुटला की भरतीचे पाणी शेतात शिरे आणि जमीन काही हंगाम नापीक होई. उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि समुद्राचे आत येऊ द्यायचे नाही, एवढ्या एका युक्तीवर येथील भातशेती उभी होती.

बांध राखणे ही येथे केवळ शेतीची बाब नव्हती, ती सत्तेचीही बाब होती. 1870 साली ब्रिटिश सरकारने भाईंदर, मीरे आणि घोडबंदर या शेजारच्या गावांतील जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना 999 वर्षांच्या कराराने दिली. खारे पाणी अडविणारे बांध आणि त्याबद्दल कुळांकडून घ्यावयाचा पिकाचा हिस्सा या दोन गोष्टी त्या व्यवहाराच्या मुळाशी होत्या, आणि त्यातून निघालेले वाद पुढे शतकाहून अधिक काळ चालले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1948 मध्ये आणि महाराष्ट्राने 1979 मध्ये खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदे केले. या कागदपत्रांतला बांध हा पाणी अडविणारा बांध आहे. त्याच्या माथ्यावरून माणसे चालतात, ही गोष्ट कायद्याला सांगावीशी वाटली नाही, कारण ती सर्वांना गृहीतच होती.

वाटांची नोंद सापडते ती महसुली गावनकाशात. तेथे गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखविण्याची पद्धत आहे. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस फूट. या रेषांना कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 प्रमाणे बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देऊ शकतो. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याप्रमाणे शेताकडे जाणाऱ्या वाटेवरील अडथळा काढून घेता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. या तरतुदी नीट वाचल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांतला चालणारा हा शेतकरी आहे. त्याला शेतात पोहोचण्याची वाजवी गरज आहे, म्हणून वाट आहे. शेत अकृषिक झाले की गरज संपते, आणि गरजेवर उभा असलेला हक्क निराधार होतो.

नेमक्या याच काळात जॉगिंग आले. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियर्ड या प्रशिक्षकाच्या प्रेरणेने 1960 च्या दशकाच्या आरंभी सामान्य माणसे संथ धावू लागली. तेथून बिल बाउअरमन यांनी ही कल्पना अमेरिकेत नेली आणि 1967 मध्ये त्यावर पुस्तक काढले. मुंबईत वांद्र्याच्या समुद्रकाठी 1990 मध्ये जॉगर्स पार्क झाले, 2003 मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला आणि 2004 पासून मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. इकडे मीरा-भाईंदर नगरपरिषद 1985 मध्ये स्थापन झाली आणि 2002 मध्ये तिची महानगरपालिका झाली. 1991 साली पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. म्हणजे धावण्याची हौस आणि धावण्याच्या वाटांचा लोप या दोन्ही गोष्टी एकाच पिढीत घडल्या.

नगररचनेच्या आराखड्याची भाषा गावनकाशाहून वेगळी असते. त्यात मीटरमध्ये मोजलेले रस्ते असतात आणि क्रमांक दिलेली आरक्षणे असतात: उद्यान, क्रीडांगण, शाळा. तुटक एकेरी रेषेला तेथे जागा नसते. वाट ही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते. उद्यान धावणाऱ्याला स्वतःभोवती फिरवून निघाल्या जागी आणून सोडते. वाट वापराने टिकते. उद्यानाला फाटक असते, वेळ असते आणि नियमांचा फलक असतो.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. 1932 साली किंडर स्काउटच्या माळावर कामगार तरुणांनी मालकांची बंदी झुगारून सामूहिक पदयात्रा काढली. त्याच वर्षी तेथे झालेल्या कायद्याने असे मानले की, लोक एखाद्या वाटेवरून वीस वर्षे अव्याहत व हक्काने गेले, तर ती वाट सार्वजनिक समजावी. 1949 च्या कायद्याने अशा वाटांचे नकाशे करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. लोक कशासाठी चालले, हे तेथे विचारले जात नाही. वीस वर्षांची मुदत आपल्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही आहे. परंतु तो हक्क एका जमिनीचा दुसऱ्या जमिनीवरचा आहे, नुसत्या चालणाऱ्या माणसाचा नाही. आपला गावरस्ता जमिनीच्या मालकीशी बांधलेला राहिला, आणि जमीन विकली जाताच वाटेचा वाली उरला नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा गतकाळाचा उमाळा आहे. आक्षेपात तथ्य आहे. ज्या बांधांवरून आज पहाटे धावणे रम्य वाटते, त्यांवरून मिठाच्या आणि भाताऱ्याच्या ओझ्याखाली माणसे चालली. त्यांना सूर्योदय पाहण्याची सवड नव्हती. शिवाय दिवे असलेले, राबता असलेले उद्यान अनेक स्त्रियांना पहाटेचे धावणे प्रथमच शक्य करून देते, हा लाभ लहान नव्हे. मात्र त्यातून वाट अनावश्यक ठरत नाही. ज्यांच्या श्रमाने बांध झाले आणि पावलांनी वाट झाली, त्यांच्या वंशजांनाही आज गावठाणातून खाडीपर्यंत मोकळे जाता येत नसेल, तर नुकसान केवळ धावणाऱ्यांचे झालेले नाही.

सर्वच गेलेले नाही. भाईंदर पश्चिमेकडून मुर्धे, राई, मोर्वा, डोंगरी या गावांतून उत्तनकडे जाणारा रस्ता आजही शेते, माड आणि टेकडी यांच्या सोबतीने जातो. पण त्याची शाश्वती कोणी द्यावी? मेट्रो 9 च्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धे-मोर्वा येथील जमीन ठरली, ग्रामस्थांच्या विरोधानंतर डोंगरीची जागा पुढे आली आणि तेथील झाडांचा प्रश्न उभा राहिला. खाडीकाठाला थोडे संरक्षण आहे, ते खारफुटीमुळे: मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये खारफुटीतोडीला आणि तिच्यालगत पन्नास मीटरपर्यंतच्या बांधकामाला मनाई केली व 2018 च्या निकालाने ती भूमिका पक्की केली. झाडाला मिळालेले हे संरक्षण वाटेला मिळालेले नाही.

राज्य सरकारने 2021 मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री योजना आणली, तीही शेतकऱ्याला यंत्रे शेतात नेता यावीत म्हणून. शहराच्या कडेला असलेल्या गावांसाठी असा विचार व्हायचा आहे. त्याचा आरंभ फार खर्चाचा नाही. गोडदेव, नवघर, खारी यांसारख्या गावांचे जुने महसुली नकाशे आणि आजचा विकास आराखडा एकमेकांवर ठेवून पाहावेत. कोणती तुटक रेषा रस्त्यात मिळाली, कोणती इमारतीखाली गेली आणि कोणती अजून मोकळी आहे, हे लिहून काढावे. हे काम भूमापकाचे आहे तितकेच भाषेच्या अभ्यासकाचेही आहे. बांधांची, उघाड्यांची, कोंड्यांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. नाव नोंदले गेले, तर त्या नावाची वाट कोठून कोठे जात होती हे विचारता येते. नावच गेले, तर तेथे वाट होती हे सांगायलाही शब्द उरत नाही.