केंद्रीय गुन्हे अन्वेषण विभागाची घडण आणि राज्यसंमतीचा प्रश्न : आर्वीच्या संदर्भात

प्रस्तावना

आर्वी येथील तहसील कार्यालयातील एखाद्या कर्मचाऱ्याने लाच मागितल्यास नागरिक राज्य शासनाच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या वर्धा येथील पथकाकडे तक्रार नोंदवितो. तीच मागणी त्याच शहरातील टपाल कार्यालयातून किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतून झाली, तर प्रकरण सर्वसाधारणपणे केंद्रीय गुन्हे अन्वेषण विभागाच्या, म्हणजेच सी.बी.आय.च्या, नागपूर शाखेकडे जाते. गुन्हा एकाच कायद्याखालील, भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ खालील असतो. तपास यंत्रणा मात्र भिन्न. राज्य पोलिसांना केंद्रीय कर्मचाऱ्यांविरुद्ध तपास करण्यास हा कायदा मज्जाव करीत नाही. ही विभागणी मुख्यतः प्रशासकीय संकेताने रुजली आहे. या दोन यंत्रणांपैकी राज्याच्या यंत्रणेचा अधिकार स्वयंसिद्ध आहे. केंद्राच्या यंत्रणेचा अधिकार राज्याच्या संमतीवर उभा आहे. या विसंगतीचे मूळ शोधण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

युद्धकाळातील उगम

युद्धामुळे सरकारी खरेदी अफाट वाढली आणि तिच्यासोबत लाचखोरीही. युद्ध व पुरवठा खात्यांच्या व्यवहारांतील लाचलुचपतीच्या तपासासाठी १९४१ मध्ये विशेष पोलीस आस्थापना निर्माण करण्यात आली. तिचे मुख्यालय लाहोर येथे होते व प्रमुखपदी कुर्बान अली खान होते. पुढे रेल्वेतील प्रकरणेही तिच्याकडे आली. वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. संरक्षण खात्याची अशी आस्थापना पाहिली की, या यंत्रणेचा जन्म लष्करी पुरवठ्याच्या चिंतेतून का झाला, हे सहज उमगते.

युद्ध संपले तरी यंत्रणेची निकड संपली नाही. त्यामुळे १९४६ मध्ये प्रथम अध्यादेश व नंतर दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियम आला. कायद्याच्या नावातील ‘दिल्ली’ हा शब्द निरर्थक नाही. पोलीस हा विषय प्रांतांकडे असल्याने केंद्राला स्वतःच्या अखत्यारीतील प्रदेशापुरतेच पोलीस दल उभारता येत होते. अन्य प्रांतांत या दलाचे अधिकार कलम ५ अन्वये विस्तारता येत, परंतु कलम ६ नुसार त्यास त्या प्रांताच्या सरकारची संमती आवश्यक होती. त्या वर्षी आर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. राज्याच्या सीमा बदलल्या, संमतीची अट मात्र कायम राहिली. दरम्यान २६ नोव्हेंबर १९५७ रोजी मुंबई राज्याने स्वतःचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग स्थापन केला होता.

१ एप्रिल १९६३ चा ठराव

सी.बी.आय. हे नाव गृहमंत्रालयाच्या १ एप्रिल १९६३ च्या ठरावाने अस्तित्वात आले, डी. पी. कोहली हे तिचे पहिले संचालक. संसदेने या संस्थेसाठी स्वतंत्र कायदा केला नाही, आजही तो नाही. तपासाचे अधिकार १९४६ च्या कायद्यातूनच येतात. याच उणिवेवर बोट ठेवून गुवाहाटी उच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०१३ रोजी या संस्थेची स्थापनाच अवैध ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने अवघ्या तीन दिवसांत त्या निर्णयास स्थगिती दिली. देशातील सर्वांत चर्चित तपास यंत्रणेचे अस्तित्व स्थगिती आदेशावर तरावे, ही बाब आश्चर्यकारकच म्हटली पाहिजे.

अंतर्गत रचना पुढील काळात विस्तारली. भ्रष्टाचारविरोधी, आर्थिक गुन्हे व विशेष गुन्हे या शाखांसोबत स्वतंत्र अभियोग संचालनालय आहे; इंटरपोलशी भारताचा संपर्कही याच संस्थेमार्फत होतो. अधिकारी मोठ्या प्रमाणात प्रतिनियुक्तीवर येतात, त्यामुळे ते अखेरीस आपल्या मूळ राज्यात किंवा दलात परतणारे असतात. स्वायत्ततेच्या चर्चेत हा मुद्दा सहसा दुर्लक्षिला जातो. विनीत नारायण खटल्यातील १८ डिसेंबर १९९७ च्या निकालाने संचालकास किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला. २००३ च्या कायद्याने भ्रष्टाचारविषयक तपासावर केंद्रीय दक्षता आयोगाची देखरेख आली. लोकपाल अधिनियम, २०१३ नंतर पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नामनिर्देशित केलेले न्यायाधीश यांची समिती संचालकाची शिफारस करते. २०२१ मध्ये हा कार्यकाळ पाच वर्षांपर्यंत वाढविण्याची तरतूद झाली.

संमती काढून घेतली तेव्हा

बहुतेक राज्यांनी सर्वसाधारण संमती देऊन ठेवलेली असल्याने कलम ६ दीर्घकाळ औपचारिक वाटत राहिले. महाराष्ट्राने २१ ऑक्टोबर २०२० रोजी ही संमती काढून घेतली आणि या कलमाची धार प्रथमच राज्यात जाणवली. आधी नोंदविलेल्या प्रकरणांचा तपास मात्र थांबला नाही, कारण संमती मागे घेण्याचा परिणाम पूर्वलक्षी नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच स्पष्ट केले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सत्तांतरानंतर संमती पूर्ववत करण्यात आली. शासन बदलले की तपासाचा दरवाजा बंद होतो वा उघडतो, आणि यात संघराज्याच्या तत्त्वापेक्षा पक्षीय समीकरणांचा वाटा अधिक दिसतो.

न्यायालयाचा मार्ग मात्र या संमतीच्या पलीकडचा आहे. १७ फेब्रुवारी २०१० रोजी घटनापीठाने असे ठरविले की, उच्च व सर्वोच्च न्यायालय राज्याच्या संमतीविना सी.बी.आय.कडे तपास सोपवू शकते. म्हणूनच संमती मागे घेतलेली असतानाही ५ एप्रिल २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालय तत्कालीन गृहमंत्र्यांविरुद्धच्या आरोपांची प्राथमिक चौकशी या संस्थेकडे देऊ शकले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजीच्या हत्येचा तपासही मे २०१४ मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशाने पुणे पोलिसांकडून सी.बी.आय.कडे गेला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली व तिघांची निर्दोष मुक्तता केली. यंत्रणा बदलल्याने तपास आपोआप निर्दोष होत नाही, हे या दहा वर्षांच्या प्रवासातून दिसते.

परंतु उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावणे हे दाभोलकर प्रकरणासारख्या राज्यभर गाजलेल्या घटनेत शक्य होते. आर्वीच्या टपाल कार्यालयातील किरकोळ लाचेसाठी कोणी रिट याचिका दाखल करीत नाही. अशा तक्रारदाराच्या दृष्टीने नागपूर शाखेला नवा गुन्हा नोंदविण्याचा अधिकार आहे की नाही, हे मुंबईत मंत्रालयातून निघालेल्या एका अधिसूचनेवर ठरते. ती अधिसूचना त्याच्या वाचनात येण्याचा संभव फारच थोडा.