कोतवाल बुकातली पणजी

माझ्या आजोबांची आई मोठ्या साथीत गेली, एवढंच घरात माहीत होतं. जनगणनेत तिचा माग लागेल या आशेवर कोणी राहू नये. 1881 ते 2011 देशभर दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, पण घरोघरी भरलेले कागद आकडे जुळवून झाले की नष्ट होत. छापील तक्त्यांत गाव सापडतं, माणूस नाही. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या चक्क घटली. त्या घटीत पणजीही आहे, पण तिथे ती ओळखायची कशी?

माणूस सापडतो तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, गाव नमुना 14 मध्ये. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोणी जन्मलं, कोणी वारलं की कोतवालाने वर्दी द्यायची आणि तारीख, नाव, जात, वय, मरणाचं कारण अशी नोंद व्हायची.

आमच्या गावचं बुक मोडीत. मोडी जाणणारे एक गुरुजी सोबत होते. एरवी महिन्याला चार-दोन मयती. ऑक्टोबर 1918 मात्र पानामागून पान भरलेला. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली पुन्हा ‘ताप’, पुढे तर नुसतं ‘सदर’, ‘सदर’. इन्फ्लुएन्झाचे बहुतेक बळी असे तापाच्याच रकान्यात गेले. गुरुजींचं बोट एका ओळीवर थांबलं. पणजोबांचं नाव, पुढे ‘याची बायको’, वय 25, ताप. दोन ओळी खाली त्याच घरातली ‘मुलगी, वय 8 दिवस’. आजोबांना पाठची बहीण झाली होती, हे आमच्या घरात कधी कोणी बोललं नव्हतं. त्या साथीने गरोदर आणि बाळंत बायका फार नेल्या.

शाळेच्या रजिस्टरात आजोबांचा जन्म 1 जूनचा. त्या काळी अर्ध्या वर्गाचा असायचा तसा. कोतवाल बुकात तो निघाला ऐन पौषातला. पणजोबाही लवकर गेले. वारसाच्या फेरफारात आजोबांच्या नावापुढे ‘अ.पा.क. चुलता’ असा शेरा आहे, म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता चुलता. आजोबा चुलत्यालाच बाबा का म्हणत, ते त्या शेऱ्यातून कळलं.

2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि ही दप्तरं राज्यभर बाहेर निघाली, स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. फार मोलाचं काम झालं. पण वाचला गेला तो जातीचा रकाना. शेजारच्या वयाच्या आणि मरणाच्या रकान्यांत गावोगावचा इतिहास पडून आहे. तोही मोडी जाणकारांकडून लिहून घ्यायला हवा.

पणजीचं नाव यातल्या एकाही कागदावर नाही. तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल, तर त्यांच्या आईचं, आजीचं नाव आणि माहेरचं गाव आजच विचारून लिहून ठेवा. तहसीलच्या दप्तरात ते मिळणार नाही.