माळकऱ्याचं घर

आमच्या सातारा भागात सोयरीक जमवताना "घर माळकऱ्याचं आहे" एवढं कानावर आलं की पुढची निम्मी चौकशी आपोआप थांबे. दारू-मटण वर्ज्य, एकादशी चुकवायची नाही, खोटं बोलायचं नाही, परस्त्री मातेसमान आणि पंढरीची वारी. तुळशीची माळ घालताना माणूस एवढं कबूल करतो. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून वारकरी महाराजांच्या हातून गळ्यात पडते.

या वारीतल्या पालखीला शिस्त लावणारे हैबतबाबाही याच जिल्ह्यातले, आरफळचे. शिंद्यांच्या पदरी राहिलेला हा माणूस. एकोणिसाव्या शतकात त्यांनी ज्ञानोबांच्या पालखीत दिंड्यांचे क्रम बसवले. पुढे १९१७ मध्ये जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तनकार तयार होऊन गावोगाव जाऊ लागले.

माझे माळकरी आजोबा मुंबईत गिरणीत होते. पगाराच्या दिवशी खोलीतली माणसं गुत्त्याकडे वळत, आजोबा चाळीतल्या भजनाला बसत. त्यांना कुणी आग्रहच करत नसे. गळ्यातली माळ दिसली की समोरचा स्वतःच हात आवरता घेई. त्यामुळे "आज घेऊ की नको" ही रोजची ओढाताण त्यांच्या वाट्याला आलीच नाही. ते खाटेवर पडले की लगेच घोरू लागत, असं आजी सांगायची. एकदा माळेचा दोरा तुटला. सगळे मणी त्यांनी धोतराच्या सोग्यात वेचून घेतले आणि आजीनं माळ पुन्हा ओवून देईपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाही.

पण माळेनं सगळंच सुधारलं, असं म्हणवत नाही. तीच माळ घालून, तेच अभंग म्हणत आलेला अस्पृश्य वारकरी पंढरपुरात चोखोबांच्या समाधीपाशी अडत होता. देवळात जायची त्याला मनाई होती. मे १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार त्याच्यासाठी उघडायचं ठरलं. विरोध करणाऱ्यांत नेमधर्म काटेकोर पाळणारेही होते.

आजोबांना मी यावर छेडलं होतं. ते म्हणाले, "आपलं तोंड सांभाळायला माळ पुरते रे. दुसऱ्याला आत घ्यायचं तर आपल्यालाच सरकून जागा करावी लागते. ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं."