जुना रेडिओ, नवा परवाना

रेडिओ हा आपल्या देशात पुष्कळ वर्षे बंदुकीच्या जातीचा समजला जात असे, असे आजच्या मुलांना सांगितले तर ती थट्टाच वाटेल. पण गोष्ट खरी आहे. बंदूक बाळगावयाची तर परवाना हवा आणि रेडिओ बाळगावयाचा तरी परवाना हवा. बंदुकीचा परवाना कलेक्टर कचेरीतून मिळे, रेडिओचा टपाल कचेरीतून. फरक काय तो एवढाच.

हा कायदा १९३३ सालचा. त्याचे शब्द मोठे चतुर होते. रेडिओ ऐकणे हा त्यात गुन्हा नव्हता. परवान्यावाचून तो 'जवळ असणे' हा गुन्हा होता. शिवाय संच ज्याच्या ताब्यात दिसतो किंवा ज्याच्या अखत्यारीतल्या जागेत सापडतो, तोच त्याचा बाळगणारा, असे न्यायालयास गृहीत धरता येई. म्हणजे माळ्यावर पडलेला, दोन वर्षे मुका झालेला रेडिओसुद्धा घरमालकाला अडचणीत आणू शके. पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला अडीचशेपर्यंत. आणि न्यायालयाच्या मनात आले तर संचही जप्त. पैसेवाल्या घरी ही भीती कोणाच्या ध्यानातही नसे. रेडिओ दुकानातून नवा येई, दुकानदारच सारे कागद पुरे करून देई. भीती असे ती जुना रेडिओ घेणाराला. हा लेख त्याच गिऱ्हाइकाविषयी आहे, आणि तोही आमच्या भंडाऱ्याकडच्या.

त्या गिऱ्हाइकाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. ते एका खाजगी कंपनीचे होते. वर्षाकाठी परवान्याचे दहा रुपये, त्यांतले ऐंशी टक्के कंपनीला, असा हिशेब होता. पण परवाने घेणारेच मिळेनात. १९३० साली कंपनीचा कारभार आटोपला, तोवर साऱ्या अफाट देशात मिळून आठ हजार परवानेही झाले नव्हते. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली आणि १९३२ साली बाहेरून येणाऱ्या संचांवरील जकात दुप्पट करून पन्नास टक्क्यांवर नेली. रेडिओ हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला का राहिला, याचे अर्धे उत्तर या जकातीत आहे.

उरलेले अर्धे उत्तर अंतरात आहे. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता, आणि आजचा गोंदिया जिल्हाही १ मे १९९९ पर्यंत त्याच्याच पोटात होता. येथून मुंबई कितीतरी शेकडो मैल दूर. मध्यम लहरींवरचे दूरचे केंद्र दिवसा ऐकू येत नाही. रात्री आकाशातल्या विद्युन्मय थरावर आपटून त्या लहरी परततात तेव्हा कोठे त्याचा आवाज कानी पडतो, आणि तोही कधी फुगून, कधी विरून. म्हणून ऐकायचे तर लघुलहरींचा मोठा संच, उंच एरियल आणि भरपूर चिकाटी असा सरंजाम लागे. एवढे सारे मालगुजाराच्या वाड्यात, वकिलाच्या घरी किंवा मँगनीजच्या खाणीवरच्या साहेबाच्या बंगल्यात असणार. मास्तराने त्याचे स्वप्न पाहण्यात अर्थ नव्हता.

१६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि हे गणित फिरले. भंडारा नागपूरपासून साधारण साठ किलोमीटर. आता लहानसा, एकाच पट्ट्याचा, जुना आणि थकलेला संचसुद्धा भरदिवसा मराठी बोलू लागला. जुन्या मालाला किंमत आली ती त्या दिवसापासून, असे माझे मत आहे. वस्तू तीच होती; केंद्र जवळ आल्याने ती उपयोगाची झाली. दूर जंगलात पडलेल्या लाकडाला सडक झाल्यावर भाव यावा, तसेच हे.

तरीही नव्या साध्या संचाला दोन-तीनशे रुपये पडत, आणि धानाच्या मुलखात दोन-तीनशे रुपये ही काही उगीच म्हणायची रक्कम नव्हे. आमच्याकडे पैसा दिसतो तो धान निघाल्यावर. हलके धान दिवाळीच्या सुमारास हाती येते, तुमसरच्या बाजारात गाड्या लागतात, आणि दिवाळी सरली की गावोगाव मंडया भरतात. मंडईच्या रात्री दंडार आणि नाटक व्हायचे, पाहुण्यांनी घर भरायचे, आणि त्याच दिवसांत घरात काही नवे घ्यावे ही इच्छा मूळ धरायची. बायकोला लुगडे, बैलाला घुंगरू, देणेकऱ्याला व्याज, एवढे वजा जाता जे उरे त्यातून रेडिओ घ्यावयाचा. मग तो जुनाच असणार.

हा जुना रेडिओ येई कोठून? बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून, नव्या संचासाठी जुना देऊ केलेल्या व्यापाऱ्याकडून, किंवा नागपुरातल्या दुरुस्तीच्या दुकानातून. मर्फी, फिलिप्स, बुश, एको, जी. ई. सी. ही नावे तेव्हा घराण्यांच्या नावासारखी उच्चारली जात. पेटी लाकडी, पुढे कापडाची जाळी, काचेच्या पट्टीवर कोलंबोपासून लंडनपर्यंतच्या शहरांची नावे. गिऱ्हाईक त्या नावांना भुलत असे. जाणता कारागीर मात्र आधी पेटी उलटी फिरवून मागचा पुठ्ठा काढी.

त्या पुठ्ठ्यामागे काय पाहावयाचे, ही एक विद्याच होती. प्रथम उंदीर. ध्वनिवर्धकाचा कागदी शंकू उंदराला फार आवडतो. तो कुरतडलेला असेल तर आवाज फाटका निघे. मग वाळवी. आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, भिंती ओल धरतात आणि भिंतीलगतच्या लाकडाला वाळवी लागते. वरचे पॉलिश चकचकीत आणि आतून भुसा, असे संच पुष्कळ. मग घरघर. संच सुरू करताच एकसुरी घोंगावणे ऐकू आले तर कंडेन्सर सुकलेला, हे सांगायला पंचांग नको. तो बदलणे स्वस्त पडे, म्हणून धूर्त गिऱ्हाईक त्याचाच बाऊ करून किंमत पाडी. खरे भय व्हॉल्व्हचे. काचेच्या त्या दिव्यांचे आयुष्य किती उरले हे डोळ्यांना दिसत नाही. ते सगळे तांबूस उजळले म्हणजे सगळे ठीक, असे मुळीच नाही. थकलेला व्हॉल्व्हही उजळतो, फक्त त्याच्यात जोर नसतो.

येथे विकणाराची एक युक्ती चाले. तो गिऱ्हाइकाला दुपारी बोलावी. दुपारी गावातले दिवे बंद, त्यामुळे विजेचा दाब पुरता. थकलेला संचही खणखणीत बोले. तोच घरी नेऊन संध्याकाळी लावावा, तो साऱ्या गावात दिवे लागलेले, दाब उतरलेला, आणि रेडिओ आजारी माणसासारखा कण्हू लागे. म्हणून जुना रेडिओ दिवेलागणीनंतरच पाहावा.

स्वस्त संचांत आणखी एक मेख होती. त्यांत रोहित्र नसे. खर्च वाचावा आणि एकदिशा व उलटसुलट अशा दोन्ही तऱ्हेच्या विजेवर संच चालावा, यासाठी सर्व व्हॉल्व्हांच्या तारा दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारख्या एकामागोमाग एक जोडलेल्या असत. माळेतला एक गेला की सगळी माळ अंधारात. मग कोणता गेला ते शोधीत बसा! त्याहून वाईट म्हणजे, आतला पत्र्याचा सांगाडा विजेच्या एका तारेला थेट जोडलेला असे. प्लग उलटा बसला की सांगाड्यात वीज खेळू लागे. जुन्या संचाचे एखादे बटण हरवलेले असायचेच, आणि घरातले पोर उघड्या धातूच्या दांडीलाच हात घाली. शंभर रुपये वाचविताना हा धोका घरात येतो, हे कोणी विकणारा सांगत नसे.

आणि जेथे वीजच नाही तेथे? खेड्यापाड्यांतून तेव्हा रॉकेलचाच उजेड होता. तेथे बॅटरीचे संच. एक दीड व्होल्टची आणि एक नव्वद व्होल्टची, असा जोड लागे. संच जुना आणि स्वस्त मिळे, पण बॅटऱ्या मात्र नव्याच घ्याव्या लागत, आणि त्या विटेएवढ्या जड नि महाग. बैलजोडी फुकट मिळावी आणि वैरण विकत घ्यावी, तसला व्यवहार. साहजिकच घरात शिस्त लागे. सकाळच्या बातम्या, संध्याकाळच्या बातम्या, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम; मध्ये कोणी बटणाला हात लावावयाचा नाही. "काहून बा, आज गाणे नाही का?" असे शेजाऱ्याने विचारले तर "बॅटरी उतरली" हे उत्तर तयार असे. ते नेहमीच खरे असेल असे नाही.

गाण्यावरून आठवले. डॉ. बाळकृष्ण केसकर हे १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता ती लघुलहरींवर येई. येथे जुन्या, एकपट्टी संचाच्या मालकाची पंचाईत झाली. वडील माणसे म्हणत, नागपूर लागते, बातम्या लागतात, कीर्तन लागते, आणखी काय हवे? मुले बुधवारी शेजारच्या घराच्या खिडकीखाली उभी राहत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती निघाली खरी, पण तीही आरंभी मुंबई आणि मद्रासच्या लघुलहरींवरच. घासाघीस करून वाचविलेले पैसे मुलांच्या हिशेबी कधीच वाचले नाहीत.

याच काळात सार्वजनिक रेडिओचा प्रयोगही झाला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोतृमंडळे काढली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचे कार्यक्रम ऐकावे आणि मग त्यावर चर्चा करावी, अशी कल्पना. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची तपासणी केली. भंडारा त्या पाचांत नव्हता. पुढे १९५९ साली ही योजना देशभर पसरली. पण पंचायतीचा रेडिओ पंचायतीच्या कुलपात, आणि किल्ली ज्याच्याकडे त्याच्या मर्जीत. बाई माणसाने तेथे जाऊन बसावे अशी रीतही नव्हती. घरचा रेडिओ, मग तो कितीही खरखरणारा असो, चुलीपर्यंत ऐकू जाई. जुना संच घेणाऱ्यांनी पैसे मोजले ते मला वाटते या गोष्टीसाठी.

मग ट्रान्झिस्टर आला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला डिसेंबर १९४७ मध्ये. आमच्या बाजारात तो साठीच्या दशकात दिसू लागला. टॉर्चच्या सेलवर चालणारा, बैलगाडीच्या जुवाला टांगता येणारा. १९६२ आणि १९६५ च्या लढायांनी बातम्यांची भूक वाढविली. ज्यांची ऐपत होती त्यांनी ट्रान्झिस्टर घेतले आणि व्हॉल्व्हचे मोठाले संच एकदम जुन्या बाजारात आले. किमती धडाधड उतरल्या. विडीच्या कारखान्यातला कामगार, भंडाऱ्याचा पितळेची भांडी घडविणारा कारागीर, मोहाडीकडचा कोष्टी, यांच्या घरात पहिला रेडिओ शिरला तो या लाटेत.

आणि नेमका येथेच परवाना आडवा आला. परवाना संचाचा नव्हे, बाळगणाऱ्याचा. तेव्हा विकणाराची पुस्तिका घेणाराला कामाची नाही; त्याने टपाल कचेरीत जाऊन आपल्या नावाची नवी काढावी. शुल्क वाढत वर्षाला पंधरा रुपये झाले होते. पाचशे रुपयांचा नवा रेडिओ घेणाऱ्याला पंधरा, आणि साठ रुपयांत जुना घेणाऱ्यालाही पंधराच! चार वर्षांत परवान्याने रेडिओची किंमत गाठली. गरिबाच्या करमणुकीवर इतका सरळ कर क्वचितच बसला असेल. मग लोक पळवाटा काढीत. संच गोधडीखाली झाकून ठेवीत, एरियलची जाळी उतरवून कपडे वाळत घालायची तार लावीत. टपाल खात्याचा तपासनीस गावात आल्याची वर्दी रेडिओपेक्षा लवकर पोचत असे.

१९८५ साली परवाना सर्वांसाठी रद्द झाला. तोवर व्हॉल्व्ह मिळणे कठीण झालेले, आणि जुने संच माळ्यावर गेलेले. त्यांच्याबरोबर परवान्याच्या पुस्तिकाही गेल्या. एखाद्या घरात अजून ती सापडते: दर वर्षाचे शुल्कतिकीट, त्यावर तुमसरचा किंवा साकोलीचा टपालाचा शिक्का. पाने ओळीने पाहत गेले की मध्येच एखादे वर्ष कोरे दिसते. त्या वर्षी धान बुडाले होते, की रेडिओ गोधडीखाली होता, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे. ती हसतात, आणि सांगत नाहीत.